सांगून जा

उज्वलाबाईंच्या अंगणवाडीत एक नियम होता आणि तो सरकारी नव्हता. रडणाऱ्या पोराला 'रडू नको' म्हणायचं नाही. मदतनीस सरुबाईच्या तोंडून सवयीने ते शब्द निसटायचे, मग बाई नुसतं तिच्याकडे बघायच्या आणि सरुबाई जीभ चावून खिचडीचं पातेलं ढवळायला लागायची. पोर पोटभर रडायचं. त्याचं रडून झालं की बाई विचारायच्या, "कुठं होतंय? हात लावून दाखव." कुणी घशाला हात लावायचं, कुणी छातीला, कुणी गच्च आवळलेली मूठच पुढे करायचं. मग बाई नाव सांगायच्या. घशात अडकली ती आठवण. मुठीत आला तो राग. गुडघ्यात उतरली ती भीती. आणि पाय आपोआप उड्या मारायला लागले तर तो आनंद, पण तो ओळखायला कुठल्याच पोराला बाईंची गरज लागली नाही.

हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. सेविकेच्या प्रशिक्षणात वजनकाटा कसा टांगायचा, लशींच्या तारखा कशा लक्षात ठेवायच्या, सुकडी किती पाण्यात कालवायची, हे सगळं झालं होतं. पोराच्या मनासाठी एक दुपार राखून ठेवली होती आणि त्या दुपारी शिकवणाऱ्या मॅडम रजेवर गेल्या. तेव्हा बाई जे काही शिकल्या ते मळ्यातल्या पोरांकडून. आणि शिकायची वेळ आली ती त्यांच्या स्वतःच्या पोरीमुळे, पण त्याकडे जरा दमाने येऊ.

नाशिकच्या मखमलाबाद रस्त्याला त्या काळी, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णव साली, इमारती नव्हत्या. मळे होते. झेंडू, शेवंती, गुलाब, निशिगंध, आणि बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. माळ्यांची घरं मळ्यातच. फुलांचा बाजार पहाटेचा, त्यामुळे बाया तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन निघायच्या. घरात लहान पोर झोपलेलं. ते उठलं तर पायाला मिठी मारणार, त्यात वेळ जाणार, आणि फुलाला उशीर चालत नाही. उन्हं चढली की त्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून तिथल्या बायांची एक रीत होती. कालचं नेसलेलं लुगडं नाहीतर साडी पोराभोवती गुंडाळायची, म्हणजे आईचा वास त्याच्या नाकाशी राहतो, आणि डोळा चुकवून निघायचं. पोर उठलं की आजी सांगणार, आई दूध आणायला गेली, आत्ता येईल. हे 'आत्ता' दुपारी बाराला उजाडायचं. सासवांनी हेच केलं होतं, त्यांच्या सासवांनीही हेच केलं होतं, आणि सगळ्यांची पोरं वाढून हातापायांनी धड निघाली होती. यात काही चुकतंय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अशी उठलेली पोरं नऊ वाजता अंगणवाडीत यायची आणि निम्म्यांच्या पोटात दुखायचं. पहिलं वर्षभर बाईंनी त्यांना ओवा चारला. जंत असतील म्हणून दवाखान्यातून गोळ्या आणल्या. गोळ्या संपल्या, पोटदुखी आपली जागच्या जागी. सरुबाईचं निदान सरळ होतं.

"सोंगं हायती बाई. खिचडी दिसली का बरं व्हतंय, बघा."

आणि बरेचदा व्हायचंही. पण नवसाबाईचा ज्ञानेश खिचडीनेही बरा होईना. साडेतीन वर्षांचं पोर, हाडापेराने चांगलं, पण घास तोंडात धरून बसायचं. एक दिवस बाई त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"कुठं दुखतंय रे पोटात?"

ज्ञानेशने घशाला हात लावला.

"अरे, पोट तिथं असतं का?"

"हितंच दुखतंय," तो म्हणाला. "खाली जात नाय."

बाईंच्या हातातली पळी हातातच राहिली. ती जागा त्यांच्या ओळखीची होती. गेलं वर्षभर रोज जेवताना त्यांचा पहिला घास तिथेच अडकत होता, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. "ते पोट नाही रे," त्या म्हणाल्या. "तुला आईची आठवण येतेय. आठवण तिथंच बसते." जत्रेत चुकलेल्या पोराला कुणी नावाने हाक मारावी तसं ज्ञानेशने त्यांच्याकडे पाहिलं. मग जो रडायला लागला तो सरुबाई हातातलं टाकून धावत आली, पण बाईंनी तिला हातानेच थांबवलं. तो रडला, दमला आणि दोन वाट्या खिचडी खाऊन बाईंच्या मांडीवर झोपला. नियम त्या दिवसापासूनचा.

आता बाईंच्या घशात काय होतं ते सांगायला हवं.

उज्वलाबाई देवळ्याच्या. माहेरी कांदा, सासरी फुलं. नवरा मोतीराम मळ्यात राबणारा, सासू चिमणाबाई बाजार करणारी, आणि एक पोरगी, भाग्यश्री. बाई अकरावी शिकलेल्या, म्हणून अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा त्यांचं नाव लागलं. त्यासाठी तीन महिने नगरला राहून प्रशिक्षण घ्यायचं होतं. भाग्यश्री सव्वाचार वर्षांची. मळ्यात तिला सांभाळणार कोण, तेव्हा ठरलं की तीन महिने तिला देवळ्याला आजीकडे ठेवायचं. दुसऱ्यांची पोरं सांभाळायला शिकण्यासाठी आपलं पोर दुसरीकडे ठेवायचं, यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही, बाईंच्याही नाही. जानेवारीत त्या पोरीला घेऊन माहेरी गेल्या, दोन दिवस राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने निघायचं होतं. पोरीला सांगावं की नाही याच्यावर त्या रात्री जरा घुटमळल्या. त्यांची आई, धोंडाबाई, अहिराणी मुलखातली, तिने निकाल देऊन टाकला.

"सांगू नको. उठनी तर पोर तुले जावू देवाव नही. तू जाय, मी शे ना आठे."

आई तिथे आहे म्हटल्यावर काळजीचं कारण नव्हतं. सकाळी बाईंनी रीतीप्रमाणे आपली साडी पोरीच्या अंगावर घातली, पिशवी उचलली आणि चपला हातात घेऊन अंगण ओलांडलं. पोरगी गाढ झोपलेली होती. स्टँडवर पोचेपर्यंत त्या रडल्या नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र पार चांदवड येईपर्यंत पदर तोंडाला लावून होत्या, आणि शेजारच्या बाईने विचारलं तर म्हणाल्या, गाडी लागते मला.

तीन महिन्यांनी, एप्रिलात, त्या तिला न्यायला गेल्या. दुपारची वेळ. वाटलं होतं पोरगी पळत येऊन बिलगेल, निदान रागावून तोंड तरी फिरवेल. भाग्यश्री आजीच्या लुगड्याआड उभी राहिली, आणि आजीने सांगितल्यावर पुढे येऊन तिने आईच्या पाया पडून नमस्कार केला. पाहुण्यांना करतात तसा. धोंडाबाईला कौतुक वाटलं. "काहीच तरास नही हाई पोरना," ती म्हणाली. बाईंचा भाऊ खंडेराव म्हणाला, "रुळलीय इथं. आता जूनमध्ये बालवाडीत घालू. तिकडं तुझी सासू आजारी, तू अंगणवाडीत. कशाला पोरीची ओढाताण करते?" चिमणाबाईला फेब्रुवारीत लकवा झाला होता, ते खरं होतं. बाईंनी पोरीला विचारलं, "राहशील इथं?" भाग्यश्रीने मान डोलावली. पोरगी खुशीने राहते आहे असं सगळ्यांनी धरलं, आणि त्या एकट्याच परत आल्या. दिवाळीत आणू म्हणता म्हणता पावसाळा गेला, मग वर्ष संपू दे, मग चौथी होऊ दे. एकदा पडलेली घडी मोडायला कुणीतरी हट्ट करावा लागतो. पोरगी हट्ट करत नव्हती, आणि बाईंना वाटायचं, आपण कुठल्या तोंडाने करायचा.

तर ज्ञानेशने घशाला हात लावला तेव्हा बाईंना समजलं ते हे. आणि समजल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. नवसाबाईला बोलावून त्यांनी सांगितलं, "उद्यापासून ज्ञानेशला उठवून, सांगून जा."

"आवो बाई, सांगितलं तर पदर सोडत नाय त्यो. लय रडतोय."

"रडू दे. तू आहेस तोवर तुझ्याजवळ रडू दे. आणि परत कधी येणार तेही सांग. 'आत्ता' म्हणू नकोस. ऊन तुळशीपाशी आलं की मी आले, असं सांग, आणि ये."

मळ्यात हसं झालं. अंगणवाडीच्या बाई पोरांना रडायला शिकवतात म्हणून. अक्काबाई नावाची एक म्हातारी होती, तिच्या तोंडाला फाटक नव्हतं. ती भर बाजारात म्हणाली, "आमची पोरं काय राजाची हायती का, त्यांची परवानगी काढून बाजाराला जायला?" नऊ दिवस ज्ञानेशने पहाटे सगळी आळी उठवली. नवऱ्याने नवसाबाईला दम भरला, शेजाऱ्यांनी टोमणे मारले, आणि ती बिचारी दोन्हीकडून बोलणी खात रोज पोराला उठवून, सांगून, रडवून बाजाराला गेली. रोज ऊन तुळशीपाशी यायच्या आत परतली. दहाव्या दिवशी ज्ञानेश उठला, डोळे चोळले आणि म्हणाला, "जा. पर तुळशीपाशी ऊन आलं का ये." आणि परत झोपला. अंगणवाडीत त्याचं पोट पुन्हा दुखलं नाही. नवसाबाईने ही गोष्ट फुलबाजारात टोपलीगणिक सांगितली, आणि चार-पाच वर्षांत मळ्यातली रीत बदलली. अक्काबाईच्या सुनेनेही सांगून जायला सुरुवात केली, सासूला न सांगता.

बाईंचं नाव झालं. दुसऱ्या अंगणवाडीच्या सेविका बघायला येऊ लागल्या. एका मुख्यसेविकेने तर विचारलं, हे तुम्ही कोणत्या प्रशिक्षणात शिकलात, आणि बाई म्हणाल्या, "नगरच्या." तेही काही खोटं नव्हतं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. भाग्यश्री दिवाळीला आणि मे महिन्यात यायची. पोरगी कशी, तर शहाणी. सगळ्यांचा तोच शब्द. हे हवं, ते नको, काही नाही. बाई तिच्या केसांना तेल लावता लावता आडून आडून विचारायच्या, देवळ्याला करमतं का, मैत्रिणी आहेत का, इकडची आठवण येते का. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. त्यांना विचारायचं होतं एकच, की तुला माझा राग आलाय का. पोरगी म्हणायची, "मजेत आहे मी." अंगणवाडीतला खेळ त्यांनी तिच्यासोबतही खेळून बघितला. कुठं काय वाटतं, हात लावून दाखव. आठ वर्षांच्या भाग्यश्रीने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "कुठंच काही नाही वाटत." वीस परक्या पोरांना ज्या बाई एका सकाळीत बोलतं करायच्या, त्या हातातला कंगवा घेऊन बसून राहिल्या.

सुट्टी संपली की खंडेराव तिला न्यायला यायचा. जाताना बाई न चुकता सांगायच्या, कधी भेटायला येईन ते तारखेनिशी, आणि त्या तारखेला जायच्याही. ती नीट ऐकून घ्यायची, "बरं" म्हणायची. मधल्या दिवसांत बाई शेवंतीची वेणी गुंफून देवळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायच्या. पोचेपर्यंत ती मलूल व्हायची हे ठाऊक असूनही द्यायच्या. त्या दिवशी त्यांना सकाळपासून हलकं वाटायचं, आणि गाडी सुटली की पुन्हा तेच. मोतीराम म्हणायचा, आण ना मग तिला इकडे, कुणी अडवलंय. पण बाईंना भीती वाटायची. आणू आणि ती "बरं" म्हणून येईल, हीच भीती. तिने एकदा तरी म्हणावं, मला यायचंय. तिने आदळआपट करावी, शिव्या घालाव्यात, तू मला टाकून गेलीस म्हणावं. मग त्या चालत गेल्या असत्या देवळ्याला.

दहावी झाल्यावर ती आली ती कॉलेज नाशकात म्हणून. दोन हजार तीन साल, सिंहस्थ भरलेला, फुलाला सोन्याचा भाव, मळ्यात पाय ठेवायला उसंत नाही. भाग्यश्री आल्या दिवसापासून कामाला लागली. पहाटे उठून फुलं तोडायची, आजारी आजीचं करायची, कॉलेजला जायची. सगळी आळी म्हणाली, उज्वलाबाईने पोरगी काय घडवलीय. आणि बाई बघत होत्या, ती सकाळी उठल्यावर आपलं अंथरूण इतकं नीट घडी करून ठेवते की तिथे कुणी झोपलं होतं असं वाटू नये. जेवताना तिला लोणचं हवं असलं तर बरणी हाताशी असूनही विचारते, "लोणचं घेऊ का?" पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "अगं, विचारतेस काय, घर तुझंच आहे." ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तीन वर्षं विचारत होती. त्या एका प्रश्नाने बाईंच्या जिवाचं पाणी व्हायचं. पोरगी घरात होती आणि घरात पोरगी नव्हती.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात अंगणवाडीत मातांची सभा होती. तोवर मळ्यांच्या जागी इमारती उठायला लागल्या होत्या, निम्म्या बाया आता बाजाराऐवजी कंपनीत आणि घरकामाला जात होत्या, आणि नव्याने राहायला आलेल्यांत पोरांच्या डोळ्यांत धूळ फेकून निघायचं ते पुन्हा सुरू झालं होतं. भाग्यश्रीचं अक्षर चांगलं, म्हणून सभेची नोंद लिहायला बाईंनी तिला बसवलं होतं. बाई नेहमीचं सांगत होत्या. पोराला सांगून जा. ते रडलं तर रडू द्या. शांत पोर म्हणजे सुखी पोर असं समजू नका.

पुढे प्रतिभा नावाची एक नवी सून बसली होती, तोंडाने फटकळ पण मनाने सरळ. तिचं पोर रोज गेटपर्यंत मागे धावायचं. ती म्हणाली, "बाई, सांगणं सोपं आहे. तुम्ही जात होता का तुमच्या पोरीला सांगून?"

बायका हसल्या. सरुबाई म्हणाली, "आगं, बाईंनीच तर सुरू केलंय हे." बाईंना तेवढ्यावर सोडून देता आलं असतं. तेरा वर्षं त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं. ती खाली मान घालून लिहीत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगून गेले नाही. पोरगी सव्वाचार वर्षांची होती, ती झोपेत असताना चपला हातात घेऊन निघाले. तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि अकरा वर्षं तिला तिकडेच ठेवली. त्याची शिक्षा मी रोज भोगते. म्हणून तुम्हाला सांगते."

मग मागून कुणीतरी, वातावरण हलकं करायला, म्हणालं, "तरी पोरगी किती शहाणी निघाली बघा." बायकांनी माना डोलावल्या. भाग्यश्रीचं पेन थांबलं होतं. तिने ते टोपण लावून वहीवर ठेवलं.

सगळ्या गेल्या. सरुबाई पातेली घासायला मागे नळावर गेली. भाग्यश्री बस्करपट्ट्या गुंडाळत होती, बाई कपाटाशी उभ्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

"भाग्यश्री, चारचौघींत बोलले ते तुला एकटीला आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. तू झोपेत होतीस, तरी उठवून सांगायला पाहिजे होतं."

भाग्यश्रीने हातातली पट्टी पूर्ण गुंडाळली आणि भिंतीशी लावली.

"मी जागी होते," ती म्हणाली.

बाई कपाटापासून दोन पावलं पुढे आल्या.

"तू पिशवी उचललीस तेव्हाच जाग आली. आजीचं बोलणं मी रात्री ऐकलं होतं. मी उठले तर तुला जाता येणार नाही. तुला जायचं होतं ना. म्हणून डोळे मिटून पडले."

"मग, नंतर?"

"नंतर काही नाही," भाग्यश्री सवयीने म्हणाली. दुसरी पट्टी तिने उचलली, पण गुंडाळली नाही, हातात धरून उभी राहिली. "नंतर मी रोज सकाळी तशीच पडून राहायचे. जाग आली तरी डोळे उघडायचे नाही. मी झोपलेली असताना तू गेलीस, म्हणजे येशील तीही मी झोपलेली असतानाच, असं मला वाटायचं. डोळे उघडले की त्या दिवशी तू यायची नाहीस. आजी हाका मारायची, मामा तोंडावर पाणी मारायचा. सगळे म्हणायचे पोरगी आळशी आहे. ऊन पार अंगावर यायचं, तरी मी पडून राहायचे."

"आणि मी आले तेव्हा," बाई कशाबशा म्हणाल्या, "तू माझ्याजवळ आली नाहीस."

"तू दुपारी आलीस. मी जागी होते, अंघोळ करून बसले होते. मला वाटलं, ही खरी नाही. ही परत जाणार." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "आणि तू गेलीसच."

मागे नळावर पातेल्यांचा आवाज चालू होता. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला तशी ती अंग काढून मागे सरली, आणि तिने आईकडे सरळ बघितलं. इतकी वर्षं बाई ज्या नजरेची वाट बघत होत्या ती ही होती. तिच्यात नुसता राग होता.

"पहाटेची गाडी होती ना नाशिकहून," भाग्यश्री म्हणाली. "साडेसातला यायची देवळ्यात. मी रोज तिचा आवाज ऐकायचे. तिने आली असतीस तर मी झोपलेली सापडले असते. तू दुपारच्या गाडीने का आलीस?"

बाईंना तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. पहाटेच्या गाडीच्या दारापाशी त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि पोरीचा विचार करून मागे फिरल्या होत्या.

"तुझी झोप मोडेल म्हणून," त्या म्हणाल्या.